घंगाळाला काय दिसते? मठारलेल्या तांब्याच्या छायाचित्रणाचे एक प्रकरण

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईच्या काळापासून तांब्या-पितळेची भांडी घडवली जातात. तेथील एका कारागीर कुटुंबाने लग्नसराईपूर्वी आपल्या भांड्यांची सचित्र सूची तयार करून ती ग्राहकांना फोनवर पाठवण्याचे ठरवले आणि छायाचित्रणाचा अभ्यासक्रम नुकताच संपवलेल्या एका विद्यार्थिनीकडे ते काम सोपवले. तिच्या मार्गदर्शकाच्या नात्याने हे काम मला जवळून पाहता आले. अॅपर्चर, शटर आणि आयएसओ यांचे, म्हणजे कॅमेऱ्याने किती प्रकाश टिपायचा याचे, गणित तिला पाठ होते, माणसांची छायाचित्रे ती उत्तम काढत असे, आणि तरीही तांब्याच्या एका घंगाळापुढे तिचे सगळे शिक्षण अडून बसले. ते का अडले आणि कसे सुटले, याची ही नोंद आहे.

घंगाळ, म्हणजे पाणी ठेवायचे रुंद तोंडाचे भांडे, सुमारे १८ इंच व्यासाचे होते, बाहेरून मठारलेले आणि दोन्ही बाजूंना पितळी कड्या असलेले. भांडे आकाराला आले की त्यावर हातोडीने ओळीने, एकाला एक लागून ठोके दिले जातात. या मठारकामाने पत्रा घट्ट होतो आणि प्रत्येक ठोका आपल्यामागे नखाएवढा एक गुळगुळीत, चकचकीत पैलू ठेवून जातो. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्यात आणि हाताने घडवलेल्या भांड्यात गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसणारा फरक मुख्यतः या ठोक्यांचा असतो आणि किमतीतला फरकही त्यावरच उभा असतो. त्यामुळे ‘चांगले छायाचित्र’ या शब्दांचा येथे नेमका अर्थ होता: ठोक्यांच्या ओळी मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसाव्यात, तांबे तांब्यासारखे दिसावे आणि भांड्याची गोलाई हरवू नये.

फ्लॅश मागे नेला तरी चकाकी का कमी झाली नाही

पहिल्या छायाचित्रांत घंगाळाच्या पोटावर पांढरेशुभ्र, आतला कोणताही तपशील न उरलेले ठिपके होते आणि बाकीचे भांडे जवळजवळ काळे होते. चकाकी जास्त झाली म्हणजे प्रकाश जास्त झाला, असा तर्क करून तिने फ्लॅश ३ फुटांवरून ६ फुटांवर नेला. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक-चतुर्थांश होतो हा नियम तिला ठाऊक होता, आणि घंगाळाखालचा लाकडी पाट खरोखरच दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) काळवंडला. पांढरे ठिपके मात्र तितकेच पांढरे राहिले, फक्त आकाराने निम्मे झाले. त्यांचा पाटाशी असलेला विरोध आता आधीपेक्षा वाढला होता.

सगळ्या प्रकरणाची किल्ली या एका निरीक्षणात होती. लाकूड, कापड, माणसाची त्वचा किंवा खरखरीत भिंत यांच्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. आपण जे पाहतो ते त्या पृष्ठभागावर किती प्रकाश पोहोचला याचे माप असते आणि तेथे अंतराचा नियम लागू पडतो. चकचकीत धातू प्रकाश विखुरत नाही, तो आरशासारखा ठरलेल्या कोनात परतवतो. त्यामुळे धातूच्या अंगावर आपल्याला दिसते ते प्रकाशस्रोताचे प्रतिबिंब, आणि प्रतिबिंबाचा तेजस्वीपणा स्रोताच्या अंतरावर अवलंबून नसतो. स्रोत दूर गेला की प्रतिबिंब लहान होते, मंद होत नाही. आरशात दिसणारा दिवा आरशापासून लांब नेऊन पाहिला तर हे कोणालाही घरच्या घरी पडताळता येईल.

म्हणजे प्रतिबिंब मंद करायचे असेल तर स्रोत मागे नेऊन उपयोग नाही, तो पसरवला पाहिजे. फ्लॅशचे तोंड साधारण ३ इंच रुंद आणि २ इंच उंच असते. तोच प्रकाश ३ फूट रुंद आणि २ फूट उंच ट्रेसिंग पेपरवर सारखा पसरवला तर क्षेत्रफळ १४४ पट होते आणि कागदाचा प्रत्येक इंच फ्लॅशच्या तोंडापेक्षा सुमारे सात स्टॉपने मंद होतो. पाटावर पोहोचणारा एकूण प्रकाश मात्र, कागदात वाया जाणारा भाग सोडला, तर फारसा बदलत नाही. पाट आणि ठिपका यांच्यातली दरी अशी भरून निघते. ‘मोठा स्रोत म्हणजे मऊ प्रकाश’ हे सूत्र विद्यार्थी सावल्यांच्या संदर्भात शिकतात. धातूच्या बाबतीत त्याचे कारणच वेगळे आहे, आणि कारण वेगळे असल्याचे न कळल्यामुळे पुढचे सगळे गोंधळ होतात.

येथे तिला एक प्रयोग करायला सांगितला. खोलीत अंधार करून, कॅमेऱ्याच्या भिंगाच्या जागी मोबाइलची बॅटरी धरून तिचा झोत आधी एका सपाट, चकचकीत परातीवर टाकायचा. परातीवरून उलटलेला प्रकाशाचा एकच कवडसा छतावर एका ठरावीक जागी पडला. कॅमेऱ्याला परातीत जे दिसणार ते छताच्या त्याच तुकड्याचे प्रतिबिंब, कारण प्रकाशाचा मार्ग उलट दिशेनेही तोच असतो. मग झोत घंगाळावर टाकला. या वेळी प्रकाशाचे कण चारी भिंतींवर, छतावर, दारावर, तिच्या स्वतःच्या कुर्त्यावर असे सगळीकडे उधळले गेले. बहिर्गोल भांडे जवळजवळ सबंध खोली पाहत असते आणि ती सगळी खोली कॅमेऱ्याला दाखवत असते. प्रकाश घंगाळावर कसा टाकायचा हा प्रश्न बाजूला ठेवून घंगाळाला काय दिसू द्यायचे हा प्रश्न हाती घ्यायला हवा, हे तिला या उधळणीतून जितके पटले तितके माझ्या बोलण्यातून पटले नसते.

डाग की प्रतिबिंब

दुसरी अडचण गमतीची होती. घंगाळाच्या उजव्या अंगाला छायाचित्रात एक मळकट, करडा-तपकिरी पट्टा दिसत होता. तांब्यावर बोटांचे ठसे आणि हवेचा परिणाम लवकर उमटतो, हे माहीत असल्यामुळे तिने ते भांडे कारागिराच्या घरातल्या काकूंना दाखवले. काकूंनी चिंच आणि मीठ लावून ते पुन्हा घासले, धुतले, मऊ कापडाने कोरडे केले. पट्टा तसाच राहिला. शेवटी तिने कॅमेरा हातभर डावीकडे सरकवून पाहिले तेव्हा पट्टाही भांड्याच्या अंगावरून सरकला, आणि तो उजवीकडच्या निळ्या ऑइलपेंटच्या भिंतीचा असल्याचे उघड झाले. तांबे लाल-नारिंगी प्रकाश चांगला परतवते आणि निळ्या-हिरव्याचा बराच भाग शोषून घेते, म्हणून निळी भिंत तांब्यात निळी दिसत नाही. ती मळल्यासारखी दिसते. डाग भांड्याला चिकटून राहतो आणि प्रतिबिंब पाहणाऱ्याबरोबर फिरते, ही खूण नंतर सगळ्याच भांड्यांना उपयोगी पडली. बिचाऱ्या काकूंचे श्रम मात्र वाया गेले.

निळ्या भिंतीपुढे काळी घोंगडी टांगली. घोंगडीची लोकर प्रकाश गिळते, तिच्यावर चमक नसते, आणि तांबट आळीत ती मागितल्याबरोबर मिळते. दुकानातल्या महागड्या काळ्या पडद्यापेक्षा ती तिळमात्र कमी पडली नाही. विद्यार्थिनीने पिवळा कुर्ता सोडून काळे कपडे घातले, कारण तिचा स्वतःचा पट्टाही भांड्यात दिसत होता. कॅमेऱ्याचे प्रतिबिंब गोल भांड्यातून पूर्णपणे कधीच घालवता येत नाही, कारण भांड्याचा कोणता ना कोणता भाग नेहमी सरळ भिंगाकडे तोंड करून असतो. १०० मिमीची लेन्स लावून कॅमेरा लांब नेल्यावर ते प्रतिबिंब बारीक झाले आणि भिंगापुरते भोक पाडलेल्या काळ्या पुठ्ठ्यामागे ट्रायपॉड लपवल्यावर ते एका ठोक्याच्या सावलीत मिसळून गेले.

याच सुमारास तिने पोलरायझर फिल्टर आणला. काचेवरची आणि पाण्यावरची चमक तो घालवतो, तशी धातूवरचीही घालवेल अशी तिची अपेक्षा होती. फिल्टर फिरवताच पाटाच्या पॉलिशवरची झळाळी गेली आणि लाकडाचे रेषारेषांचे अंग दिसू लागले. घंगाळ जसेच्या तसे राहिले. काच, पाणी, वॉर्निश यांच्यावरून तिरक्या कोनात परतलेला प्रकाश मोठ्या प्रमाणात एकाच प्रतलात कंप पावतो, म्हणून तो गाळता येतो. उघड्या धातूवरून परतताना तसे जवळजवळ घडत नाही. पाटासाठी फिल्टर ठेवला, घंगाळासाठी त्याची आशा सोडली.

ठोके कुठे गेले

भिंत झाकली, कॅमेरा लपवला, आणि आता तिने एक मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडातून प्रकाश पसरवणारी पेटी, भाड्याने आणून घंगाळाच्या अगदी जवळ लावला. (अडचण आली की मोठा सॉफ्टबॉक्स आणणे ही आपल्याकडच्या नवशिक्या छायाचित्रकारांची सवय झाली आहे, भाड्याचे पैसे गेले की ती आपोआप कमी होते.) पांढरे ठिपके गेले, काळे भाग उजळले, सगळे घंगाळ गुळगुळीत, एकसारखे नारिंगी दिसू लागले. विद्यार्थिनीला ते आवडले. तिने लॅपटॉपवर ते भांडी घडवणाऱ्या काकांना दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याजवळ वाकून पाहिले आणि म्हणाले, “हे तर मशिनवर दाबून काढल्यासारखं दिसतंय, बाळ. ठोके कुठं गेले?”

ठोके प्रकाशात बुडाले होते. प्रत्येक पैलू हा एक छोटा आरसा आहे आणि शेजारच्या पैलूपेक्षा तो किंचित वेगळ्या दिशेला तोंड करून आहे. फ्लॅशसारखा लहान स्रोत असेल तर शेकडोंपैकी मोजक्याच पैलूंना तो दिसतो. ते लखलखतात आणि बाकीचे अंधारात राहतात. स्रोत प्रचंड मोठा आणि सगळीकडे सारखा पांढरा असेल तर सगळ्याच पैलूंना एकच पांढरा रंग दिसतो, आणि दोन पैलूंमध्ये फरक दाखवणारे काहीच उरत नाही. ठोका दिसण्यासाठी त्याच्या एका टोकाला उजेड आणि दुसऱ्या टोकाला काळोख दिसावा लागतो. थोडक्यात, ठोके प्रकाशाच्या मधोमध दिसत नाहीत, ते प्रकाशाच्या कडेला दिसतात.

काका हे सूत्रांत सांगू शकले नसते, पण त्यांचे हात ते रोज करत होते. भांडे मठारताना ते दाराकडे तोंड करून बसतात आणि ओळ सरळ येते आहे की नाही हे पाहण्यासाठी भांडे थोडे तिरके करून दाराच्या चौकटीची कड त्यात पकडतात. उजेड आणि अंधार यांची ती सीमारेषा ठोक्यांवरून फिरली की प्रत्येक ठोका वेगळा मोजता येतो. तिने काही वेळ नुसते बसून हे पाहिले. भाड्याचा सॉफ्टबॉक्स दुसऱ्या दिवशी परत गेला.

मांडणी मग माडीवरच्या खिडकीत झाली. सुमारे ४ फूट रुंद आणि ३ फूट उंच खिडकीवर ट्रेसिंग पेपर ताणून बसवला आणि घंगाळ तिच्यापासून दीड फुटावर पाटावर ठेवले. कागदाच्या आतल्या बाजूला, घंगाळ आणि खिडकी यांच्या मध्ये, काळ्या कार्डशीटच्या दोन-दोन इंच रुंदीच्या पट्ट्या उभ्या टांगल्या. या पट्ट्या किती आणि कुठे, हे ठरवायला सर्वांत जास्त वेळ लागला. फार जवळजवळ टांगल्या की भांड्यावर तुरुंगाच्या गजांसारखे पट्टे उमटत. फार लांब टांगल्या की मधले ठोके पुन्हा बुडत. कॅमेऱ्यातून एक डोळा लावून बघत, मदतनिसाला पट्टी बोटभर इकडे, बोटभर तिकडे करायला सांगत ती पुढे सरकत गेली, आणि पट्ट्या खिडकीच्या मध्यावर विरळ व कडेला दाट केल्यावर घंगाळाचे पोट उजेडातून हळूहळू काळोखात वळताना दिसू लागले. गोलाई आणि ठोके दोन्ही एकाच युक्तीने साधले. उजव्या अंगाला घोंगडी राहिलीच, कारण तेथे पांढरा थर्माकोल लावल्याबरोबर भांडे चपटे दिसे; फक्त काठाची कड पार्श्वभूमीत हरवू नये म्हणून थर्माकोलची वीतभर पट्टी तिरकी उभी केली. वर, काठाच्या रुंद पट्टीला दिसेल असा एक पांढरा कागद टांगला.

आतल्या बाजूचा रंग बाहेरच्यापेक्षा गडद लाल दिसतो अशी तक्रार तिने एकदा केली. ती तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हती: खोलगट भांड्यात प्रकाश दोन-तीनदा आपटून बाहेर येतो आणि दर वेळी निळ्या-हिरव्याचा आणखी थोडा भाग तांबे ठेवून घेते. तांब्याची ओळख पटवणारी ती खूण छायाचित्रात आहे तशी ठेवली.

उत्तरेची खिडकी आणि पुण्याचा सूर्य

उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, दिवसभर सारखा प्रकाश मिळतो, हे वाक्य चित्रकला आणि छायाचित्रण यांच्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. माडीची खिडकी उत्तरेची होती, आणि तरी एप्रिलच्या सकाळी ट्रेसिंग पेपरच्या एका कोपऱ्यावर उन्हाचा झगझगीत त्रिकोण पडून सगळ्या पट्ट्यांचा हिशोब बिघडला. ते वाक्य युरोपच्या अक्षांशांवर, तेही मुख्यतः दुपारच्या प्रकाशाला धरून, खरे ठरते. २१ मार्चच्या सुमारास विषुवदिन झाल्यापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, म्हणून त्या काळात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीवर तिरके ऊन येतेच. शिवाय पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारीही सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. आपल्याकडे ‘उत्तरेची खिडकी’ हा हिवाळ्यातला नियम आहे. तिने काम सकाळी दहानंतर सुरू करून दुपारी तीनच्या सुमारास थांबवायचे ठरवले आणि प्रश्न मिटला.

तांब्याचा रंग

रंगाची बाजू त्या मानाने लवकर आटोपली, पण तीत एक गोष्ट अशी होती की ती फार जणांच्या नजरेतून सुटते. ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे रंगांचा समतोल कॅमेऱ्यावर सोपवला की, कॅमेरा चौकट भरून राहिलेला नारिंगी रंग पाहून त्यात निळा मिसळतो आणि तांबे फिकट, पितळेकडे झुकलेले दिसते. म्हणून ट्रेसिंग पेपरमधून येणाऱ्या प्रकाशातच ग्रे कार्डाचे (रंगछटा नसलेल्या करड्या पुठ्ठ्याचे) छायाचित्र घेऊन त्यावरून व्हाइट बॅलन्स कायम केला आणि खोलीतला एलईडी दिवा बंद ठेवला. येथवर सगळे नेहमीचे होते. पण उजळ भागातले ठोके तरीही सपाट येत होते आणि हिस्टोग्राम (छायाचित्रातल्या उजेड-काळोखाचा आलेख) मात्र सुरळीत दिसत होता. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे उघडून पाहिल्यावर कळले की हिरवा आणि निळा व्यवस्थित असताना लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला होता. तांब्यात लाल नेहमी सर्वांत आधी भरतो, आणि एकत्रित हिस्टोग्राम ते लपवतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपने कमी करून आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले चित्र) घेऊन त्या भागातले तपशील परत मिळाले. शेवटच्या छायाचित्राचे आकडे साधेच होते: आयएसओ १००, एफ/११, १/४ सेकंद, दोन सेकंदांचा टायमर.

अॅपर्चर, म्हणजे भिंगाचे छिद्र, बारीक ठेवण्यामागे मात्र कारण होते. बहिर्गोल पृष्ठभागात दिसणारे खिडकीचे प्रतिबिंब पृष्ठभागावर नसून त्याच्या मागे तयार होते. १८ इंच व्यासाच्या गोल पोटात ते सुमारे साडेचार इंचांपर्यंत मागे असू शकते. एफ/२.८ वर, म्हणजे छिद्र मोठे ठेवून, ठोक्यांची कड तीक्ष्ण केली की प्रतिबिंबाची कड धूसर होई, आणि ठोके ज्या सीमारेषेमुळे दिसायचे तीच नेमकी विरघळून जाई.

उरलेली भांडी

घंगाळाचा उलगडा झाल्यावर बाकीच्या भांड्यांना प्रत्येकाचा वेगळा हट्ट असूनही वेळ कमी लागला. सपाट परातीसाठी बॅटरीच्या कवडशाने छतावरची जागा शोधून तेथे एकाच बाजूने उजळलेला पांढरा पुठ्ठा धरला आणि काम झाले. आतून कल्हई केलेले पातेले जास्त अवघड निघाले, कारण कथलाचा आतला थर पांढरट आणि बाहेरचे तांबे गडद. दोहोंमध्ये इतका फरक की एकाला योग्य एक्स्पोजर दुसऱ्याला चुकीचे ठरे. तेथे पातेल्याच्या तोंडावर तिरका काळा पुठ्ठा धरून आतल्या कल्हईला दिसणारा उजेड तोडला आणि बाहेरचा तसाच राहू दिला. एक्स्पोजर एकच राहिले.

पाणी तापवायचा बंब माडीवर चढवणे शक्य नव्हते. त्याचे छायाचित्र वाड्याच्या चौकात घ्यावे लागले, आणि तेथे सूर्यास्तानंतरचे मोकळे आकाश हा सर्वांत मोठा व सर्वांत मऊ स्रोत असतो, या शिकवणीचा आधार घेऊन तिने संध्याकाळ निवडली. निरभ्र आकाश निळे असते आणि बंबाचे तांबे त्या निळ्यात घंगाळासारखेच मळले. ते पाहून तिने या वेळी काकूंना चिंच आणायला सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चौकाच्या वर एक जुनी पांढरी चादर ताणून बांधली, ऊन तिच्यावर पडू दिले आणि चादरीच्या दोन्ही बाजूंनी काळ्या कापडाच्या पट्ट्या सोडल्या. बंबाच्या नळकांड्याला उभ्या दिशेने वक्रता नसल्यामुळे पट्ट्यांची प्रतिबिंबे सरळ, सलग उभ्या रेषांत उतरली आणि घंगाळापेक्षा कमी खटपटीत गोलाई मिळाली. पितळी तोटीत मात्र काळ्या कपड्यांतली एक आकृती आणि ट्रायपॉड अगदी स्पष्ट दिसतात. सूचीत ते छायाचित्र तसेच गेले आहे, कारण तोटीच्या आकाराला काकांनी पसंती दिली आणि तिच्यात कोण उभे आहे याची चौकशी अजून एकाही ग्राहकाने केलेली नाही.